खांबाआडून पाहिलेला ‘द डिसायपल’

गोव्यातील देवळांच्या सभामंडपात उत्सवाचे नाटक ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांस खांबाची ओळख करून देण्याचे कारण नाही. महाजन आणि वडीलधारी मंडळी पुढे बसत. उशिरा येणाऱ्याच्या वाट्यास खांबाआडची जागा येई. नायक रंगभूमीच्या डाव्या अंगास सरकला की तो दिसेनासा होई आणि त्याचे पद तेवढे ऐकू येई. तथापि त्या प्रेक्षकाने घरी जाऊन ‘आज नायकाचे काम अर्धेमुर्धेच झाले’ असा अभिप्राय कधी दिला नाही. जे दिसले नाही ते खांबामुळे दिसले नाही, हे त्यास पक्के ठाऊक असे.

आज नाटक-चित्रपट घरातील पडद्यावर येऊ लागले आहेत, आणि आपण सारेच पहिल्या रांगेत बसलो आहोत अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत खोटी आहे. खांब अद्याप उभाच आहे. फरक एवढाच की तो आता दिसत नाही. या अदृश्य खांबाने आमच्याकडून एका चांगल्या कलाकृतीवर कसा अन्याय करविला, ते आज वाचकांपुढे मांडावयाचे आहे. त्यात आमची स्वतःची चूक कबूल करण्याचा भाग आहे, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला आणि तेथे त्यास उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. आपल्याकडील बहुसंख्य रसिकांस तो ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर, म्हणजे घरच्या पडद्यावर, पाहावयास मिळाला. ते दिवस साथीच्या दुसऱ्या लाटेचे होते. शिवाय इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी माणसास असला चित्रपट चित्रगृहात मिळण्याची आशा एरवीही थोडीच. त्याच्या दृष्टीने घरापर्यंत येणारी तार हेच चित्रगृह. म्हणून त्या तारेचा गुणदोष हा केवळ यंत्रज्ञाचा विषय राहत नाही; तो रसिकाचा आणि समीक्षकाचाही विषय होतो.

कथा थोडक्यात सांगतो. शरद नेरूलकर हा तरुण ख्यालगायन शिकतो आहे. गुरूंची सेवा, पहाटेचा रियाज, स्पर्धांतील अपयश आणि आपल्यास ते देणे लाभलेलेच नाही की काय ही हळूहळू वाढणारी शंका, एवढाच त्याच्या आयुष्याचा पसारा. त्याच्या गुरूंच्या गुरू म्हणजे ‘माई’. त्या आपल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करू देत नसत. त्यांच्या बोलण्याच्या काही दुर्मिळ फिती मात्र शरदजवळ आहेत. रात्री निर्मनुष्य रस्त्यांवरून तो मोटारसायकलीवर संथपणे जात असतो, कानात माईंचा आवाज आणि मागे तंबोऱ्याची आस. ही दृश्ये चित्रपटभर पुनःपुन्हा येतात. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. चित्रपट घरोघरी पोहोचण्याच्या अवघे अकरा दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी, त्या निवर्तल्या. शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरूंची भूमिका करणारे अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्ष गायक आहेत. द्रविड यांस मोगूबाई कुर्डीकरांची तालीम लाभली, हे सांगताना गोमंतकीय वाचकास आपल्या कुर्डी गावाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही.

हा चित्रपट आम्ही प्रथम पाहिला तेव्हा वहीत तीन आक्षेप नोंदविले. पहिला असा की रात्रीची दृश्ये गढूळ आहेत. रस्त्याचा काळोख हा काळोख वाटत नाही, राखेचे थर एकावर एक रचल्यासारखा दिसतो. दुसरा असा की मैफलीच्या दृश्यांत कॅमेरा दूर ठेवल्यामुळे श्रोत्यांची तोंडे पुसट झाली आहेत, मग त्यांस दाखविण्याचे प्रयोजन काय? आणि तिसरा, सर्वांत कठोर, असा की चित्रपटास लय नाही. तो अडखळत चालतो. हा अभिप्राय आम्ही छापला नाही, हे खरे. परंतु देवळाशेजारच्या वाचनालयात मित्रमंडळींपुढे तो मोठ्या आत्मविश्वासाने बोलून दाखविला, आणि आमच्या शब्दावर विसंबून निदान दोन कुटुंबांनी चित्रपट पाहण्याचा बेत सोडला.

पुढे चतुर्थीस आमचा भाचा घरी आला. तो या तारांच्या व्यवसायातला. आमचे आक्षेप ऐकून त्याने चित्रपटाविषयी चकार शब्द काढला नाही. तो उठला आणि घर फिरून आला. मग म्हणाला, “मामा, तुम्ही चित्रपट पाहिलाच नाही. तुम्ही आपल्या घराच्या भिंती पाहिल्यात.”

आमचे घर जुने, चिऱ्यांचे. तार रस्त्याच्या बाजूने ओसरीत येते, म्हणून राउटरही तेथेच, खुंटीखालच्या कोनाड्यात ठेवलेला. दूरदर्शन संच माजघरात. मध्ये राजांगण आणि दीड-दीड हात जाडीच्या दोन भिंती. भाच्याने मोजमाप केले. राउटराशेजारी सेकंदाला जवळजवळ १०० मेगाबिट, म्हणजे ज्याचे पैसे आम्ही भरतो ते सर्व, येत होते. माजघरात तेच ३ मेगाबिटांवर आले, आणि घरात कोणी फोनवर बोलू लागले की दोनाच्याही खाली गेले. ओसरीपर्यंतचा शेकडो मैलांचा प्रवास निर्वेध झाला होता. शेवटच्या तीस हातांत सारे सांडले होते. त्याने राजांगणाच्या वाशांवरून एक तार ओढून थेट संचास जोडली. त्याच रात्री आम्ही चित्रपट पुन्हा पाहिला.

त्या रात्री काय दिसले ते सांगण्यापूर्वी, असे का घडते हे थोडे समजून घेतले पाहिजे. घरच्या पडद्यावरचा चित्रपट अखंड धारेने येत नाही. त्याचे काही सेकंदांचे एकेक असे शेकडो तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याच्या हलक्या-भारी अनेक प्रती आधीच सिद्ध असतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या जुन्या पद्धतीची जी माहिती प्रसिद्ध केली तीत अशा दहा पायऱ्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर ३२० बाय २४० ठिपक्यांचे चित्र, सेकंदास २३५ किलोबिट खर्चाचे. सर्वांत वरच्या पायरीवर १९२० बाय १०८० ठिपक्यांचे चित्र, ५८०० किलोबिट खर्चाचे. पुढे प्रत्येक चित्रपटाच्या प्रकृतीप्रमाणे ही शिडी बेतण्याची रीत आली. तत्त्व तेच राहिले. मागचा तुकडा किती वेगाने आला ते घरातील संच पाहतो आणि पुढचा तुकडा कोणत्या पायरीचा मागवावा ते ठरवितो. तार मंदावली की तो मुकाट्याने खालची पायरी मागवितो. प्रेक्षकास विचारण्याची पद्धत नाही.

आणखी एक सोय असते. संच पुढचे काही तुकडे आगाऊ साठवून ठेवतो. नळास पाणी कधी जोरात, कधी करंगळीएवढे येते. परंतु घरात रांजण भरलेला असेल तर तांब्या बुडविताना ते जाणवत नाही. या रांजणास बफर म्हणतात. रांजण रिकामा झाला की चित्र थांबते आणि पडद्यावर चक्र फिरू लागते. म्हणजे घरची तार दोन प्रकारे बाधते: एक, चित्राचा कस उतरवून, दुसरी, चित्र थांबवून. पहिली बाधा लपून येते, दुसरी उघडपणे. आणि यांतली लपून येणारी बाधाच समीक्षकास अधिक घातक.

चित्राचा कस उतरतो तो सर्वत्र सारखा उतरत नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. लागोपाठच्या दोन चित्रांत जे बदललेले नसते ते पुन्हा पाठवावे लागत नाही. जे हलते त्याचाच खर्च. म्हणून स्थिर कॅमेऱ्याने घेतलेली, उजेडातील बैठक थोडक्या मेगाबिटांतही बरी दिसते. याउलट काळोखातील बारीकसारीक छटांवर कात्री आधी चालते. काळ्याच्या जवळच्या चार छटा एकत्र करून एक केली की पुष्कळ बचत होते. त्या एकत्रीकरणाचे डोळ्यांस दिसणारे रूप म्हणजे आम्ही पाहिलेले राखेचे थर.

आता दुसऱ्या खेपेची हकीकत. पोलंडचे छायालेखक मिहाऊ सोबोचिन्स्की यांनी चित्रित केलेली रात्र आम्ही तेव्हा प्रथमच पाहिली. रस्त्यावरील दिव्यांचा पिवळा उजेड शरदच्या खांद्यावर येतो, ओघळतो आणि मागे विरतो. काळोख त्याच्याभोवती मऊ पडद्याप्रमाणे सरकत राहतो. त्या काळोखास खोली आहे. माईंचे शब्द साधनेविषयी, एकांताविषयी, मनाच्या शुद्धीविषयी बोलत असतात, आणि तो खोल काळोख हेच त्या शब्दांचे आसन आहे. प्रथम खेपेस ते आसनच आमच्या घरी पोहोचले नव्हते. शब्द तेवढे हवेत लटकत होते आणि उपदेशासारखे कोरडे वाटत होते. दैवदुर्विलास पाहा: चित्रपट ज्या ठिकाणी सर्वांत अंतर्मुख होतो, त्याच ठिकाणी हलकी तार सर्वांत अधिक खोडी करते.

श्रोत्यांच्या तोंडांचेही तसेच. १०८० रेषांच्या चित्रात सुमारे वीस लाख ठिपके असतात; ४८० रेषांच्या चित्रात चार लाख, म्हणजे पाचवा हिस्सा. मागच्या रांगेतील जो चेहरा मोठ्या चित्रात ४० रेषा व्यापतो, त्यास लहान चित्रात १८ रेषाही मिळत नाहीत. अठरा रेषांत डोळे, नाक आणि कंटाळा हे तिन्ही दाखविणे शक्य नाही. दुसऱ्या खेपेस आम्हांस तो कंटाळा दिसला. कोणी घड्याळाकडे पाहतो, कोणी मान डोलावितो पण समेच्या आधीच. ताम्हाण्यांनी कॅमेरा दूर ठेवला तो गाणारा आणि ऐकणारे यांतील अंतर एकाच चौकटीत मोजण्यासाठी. ज्यास आम्ही उणीव म्हटले, तोच या चित्रपटाचा विचार होता.

तिसऱ्या आक्षेपाची तर आम्हांस लाज वाटते. चित्रपटात एके ठिकाणी शरद मैफलीच्या मध्येच गाणे थांबवितो आणि उठून जातो. प्रथम खेपेस, त्याआधी तीन-चार वेळा चक्र फिरून गेलेले असल्यामुळे, या थांबण्याचा अर्थच आम्हांस कळला नाही. पुन्हा तार अडकली असे वाटून आम्ही संचाच्या कळा दाबू लागलो. एका माणसाच्या आयुष्यातील साधना तुटत होती आणि आम्ही यंत्रास दोष देत होतो. आणि जेथे यंत्र अडखळत होते तेथे दिग्दर्शकास दोष देत होतो. ख्यालास समजण्यासाठी ज्या अखंडतेची गरज असते, तीच गरज ख्यालाविषयीच्या या चित्रपटासही आहे. समेच्या आधी दोन मात्रा गाणे तुटले तर पुढची सम साधूनही उपयोग नसतो.

मग सर्वच दोष तारेचे होते काय? नाही, आणि येथे तारेसही न्याय दिला पाहिजे. ध्वनी हा मोठा मितव्ययी पाहुणा आहे. चित्रास जेथे हजारो किलोबिट लागतात तेथे उत्तम ध्वनीस काही शेकडा पुरतात. तंबोरा पातळ वाटला तर बहुधा संचाच्या पाठीमागचे चिमुकले कर्णे दोषी असतात, तार नव्हे. आणि काही दोष चित्रपटाचेच राहतात. दूरदर्शनवरील गानस्पर्धेतील त्या मुलीचे उपकथानक आम्हांस दुसऱ्या खेपेसही ठोकळेबाज वाटले. बाजाराने कला बिघडते हे सांगण्यासाठी इतका गुळगुळीत मार्ग या दिग्दर्शकास शोभत नाही. शरदच्या गाण्यात क्षणभर का होईना आनंद फुलला असता तर त्याचे अपयश अधिक बोचले असते, असेही आमचे मत कायम आहे. परंतु हे आक्षेप आता आम्ही निःशंक मनाने करू शकतो, कारण ते खांब बाजूस सारून पाहिल्यानंतरचे आहेत.

आमचे एक वृद्ध स्नेही यावर म्हणाले, “आम्ही तीन मिनिटांच्या खरखरत्या तबकड्यांवर मोठमोठ्या गायिका ऐकल्या आणि त्यांतून राग ओळखला. खरा रसिक माध्यमाची तक्रार करीत नाही.” या म्हणण्यास वजन आहे. तथापि तबकडीची खरखर प्रामाणिक होती. ती पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखी असे; कान तिला ओळखी आणि बाजूस ठेवी. ती गायिकेच्या नावावर कोणी मांडली नाही. आजची तार आपला दोष क्षणोक्षणी बदलते आणि कलावंताचा वेष घेऊन येते. खरखर ऐकू येत होती म्हणूनच ती वजा करता आली. गढूळ काळोख मात्र छायालेखकाच्याच खाती जमा होतो.

या चित्रपटात हाच विचार एका निराळ्या वाटेने आला आहे. माईंनी ध्वनिमुद्रणास नकार दिला होता. शरद त्यांना कधी प्रत्यक्ष नव्हे, फितीतूनच ऐकतो, आणि त्या आवाजावर संपूर्ण आयुष्य उभारतो. पुढे एक संग्राहक माईंविषयी अप्रिय गोष्टी बोलतो तेव्हा त्याचे आकाश फाटते. मध्यस्थाकडून मिळालेल्या वस्तूस मूळ वस्तू समजल्याची ही शिक्षा. घरी बसून आम्ही तीच चूक करीत होतो.

आता थोडे आकड्यांविषयी, कारण जाहिरातींत आकडेच बोलतात. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस ७२० रेषांच्या चित्रास ३, १०८० रेषांस ५ आणि सर्वांत मोठ्या चित्रास १५ मेगाबिटांची आहे. आपल्या सरकारने २००४ मध्ये २५६ किलोबिटांस ब्रॉडबँड म्हटले होते. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिटांवर आली. म्हणजे कायद्याने जी तार ब्रॉडबँड ठरते, तीवर हा चित्रपट त्याच्या खऱ्या रूपात दिसू शकत नाही. दुसऱ्या बाजूस १०० वा २०० मेगाबिटांची जोडणी घेऊनही आमच्यासारख्याच्या माजघरात दोनच पोहोचतात. तेव्हा प्रश्न मोठ्या आकड्याचा नसून, संचापाशी संध्याकाळी, शेजारीपाजारी सर्व पाहत असताना, सतत किती टिकते याचा आहे. पाच मेगाबिटांची अढळ धार ही पन्नासांच्या लहरी धारेपेक्षा श्रेष्ठ. आणि पायरी कधीकधी वरूनही उतरविली जाते: मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या वेळी आपल्या देशातील प्रमुख कंपन्यांनी मोबाइल जाळ्यांवरील चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० रेषांवर रोखून धरण्याचे ठरविले होते. तो निर्णय त्या प्रसंगी योग्यच होता. परंतु त्या दिवसांत फोनवर पाहिलेल्या चित्रपटाच्या छायालेखनावर मत देताना एवढे स्मरण ठेवावयास हवे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण दूर गावी राहून कुलदेवतेचा उत्सव पडद्यावर पाहतात, म्हणून एक शब्द त्याविषयीही. थेट प्रक्षेपणात रांजण लहान ठेवावा लागतो; जे अजून घडलेले नाही ते आगाऊ कसे साठविणार? शिवाय तेथे देवळातून बाहेर जाणाऱ्या तारेचा जोरही लागतो, आणि पुष्कळ घरगुती जोडण्यांत आत येणाऱ्या धारेपेक्षा बाहेर जाणारी धार बारीक असते. देवळाकडचीच धार बारीक असेल तर बडोद्याच्या घरातील उत्तम तारही ती भरून काढू शकत नाही. वास्कोच्या सप्ताहातील चोवीस तासांचे भजन बारीक धारेवरही पोहोचेल, कारण भजन हा ध्वनी आहे. जांबावलीचा गुलाल किंवा विठ्ठलापूरच्या त्रिपुरारी पौर्णिमेस वाळवंटीच्या काळ्या पाण्यावरील दीप मात्र पोहोचणार नाहीत. उडणारा कणन् कण आणि हलणारी ज्योतन् ज्योत तारेकडून पुरता मोबदला मागते. चौकोनांच्या ठिगळांनी भरलेला तो पडदा पाहून ‘उत्सवास पूर्वीची शोभा राहिली नाही’ असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

उपाय फार नाहीत आणि महागही नाहीत. राउटर कोनाड्यात न ठेवता घराच्या मध्यावर, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. शक्य तर संचास तारेनेच जोडावे. चिऱ्यांच्या भिंतींपुढे बिनतारी लहरींचा इलाज चालत नाही. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान पण भिंतीस भिणाऱ्या, २.४ च्या लहरी भिंत थोडीबहुत ओलांडणाऱ्या पण गर्दीने गांजलेल्या. चित्रपट चालू असता घरातील फोनांनी आपली छायाचित्रे वर पाठविण्याचे काम थांबवावे. आणि तक्रार लिहिण्यापूर्वी एकदा राउटराशेजारी व एकदा संचापाशी मोजमाप करावे, म्हणजे दोष कोणाचा ते कळेल.

ज्या दोन कुटुंबांनी आमच्या सांगण्यावरून ‘द डिसायपल’ पाहिला नाही, त्यांच्या घरी आम्ही गेल्या आठवड्यात जाऊन आलो. अभिप्राय मागे घेतला आणि चित्रपट पाहण्याची विनंती केली. त्यांतील एका घरी राउटर दाराआडच्या लोखंडी कपाटावर होता. तोही हलवून आलो. समीक्षकाचे काम एवढ्यावर येऊन ठेपले काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की सभामंडपात खांबाआड बसलेल्या शेजाऱ्यास जरा सरकून जागा करून देणे, हेही रसिकतेचेच अंग आहे.